लाल डोळ्यात ड्रॉप टाकण्याआधी

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरं : या वेळी कुत्र्यांचे डोळे

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. डोळा लाल झाला, मेडिकलवरून माणसाचा ड्रॉप आणला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग डोळा पांढरा पडला. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. कुत्रा कुठल्याही जातीचा असो, ती दोन उत्तरं सगळ्यांनी वाचावीत.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : आखाड्यावरचा आमचा गावठी कुत्रा, वय अंदाजे तीन वर्षं. ज्वारीच्या काढणीत त्याचा एक डोळा मिटायला लागला, पाणी गळत होतं. मेडिकलवरून ड्रॉप आणून टाकला. लाली उतरली, पण आता डोळ्यात फूल पडल्यासारखं पांढरं दिसतंय आणि तो डोळा उघडतच नाही. गावातले म्हणतात, मीठ चावून फुंका. काय करावं?

उत्तर : मीठ फुंकू नका आणि तो ड्रॉप आजच थांबवा. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. अँटिबायोटिकच्या बऱ्याच ड्रॉपमध्ये ते मिसळलेलं असतं आणि नावापुढे ‘डी’ किंवा ‘डेक्सा’ लागलेलं असतं. स्टेरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून गुण आला असं वाटतं. पण बुबुळावर जखम असेल तर तेच औषध ती भरू देत नाही, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि बुबुळाचा पडदा विरघळवणाऱ्या विकरांचा जोर वाढतो. कुत्र्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. तो आरपार जायला कधी कधी दोन दिवसही पुरतात.

एकच डोळा, अचानक आणि तेही काढणीच्या किंवा गवत वाळायच्या दिवसांत, असं असलं की पहिला संशय कुसळाचा. कुत्र्याला नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. कुसळ तिच्यामागे शिरतं. त्याला उलटे काटे असल्यामुळे ते पुढेच सरकतं, आपोआप बाहेर येत नाही. डोळा मिचकावला की दर वेळी नवा ओरखडा पडतो. मग पाणी, मग पू, मग पांढरेपणा.

घरी करायचं ते एवढंच. एकाने तोंड धरावं. दुसऱ्याने सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजमध्ये साधं ०.९ टक्क्याचं सलाईन भरून, सिरिंज डोळ्यापासून दोन बोटं लांब धरून, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हलकी धार सोडावी. दोन-तीन सिरिंज पुरतात. कुसळाचं टोक वर दिसत असेल आणि ते सैल असेल तर ओल्या कापसाला चिकटून येईल. रुतलेलं असेल तर घरच्या चिमट्याने ओढू नका. अर्धं तुटून आत राहतं.

दवाखान्यात प्रोपॅराकेनचा थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि बिनदाती चिमट्याने तिसरी पापणी उचलून तिच्या मागची बाजू बघतात. हे आवर्जून करायला सांगा, कारण घाईत राहून जातं ते हेच. मग फ्लुओरेसिनची केशरी पट्टी सलाईनच्या थेंबाने ओली करून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टेकवायची, जादा रंग धुऊन काढायचा आणि निळ्या उजेडात बघायचं. जिथे वरचं कातडं सोललेलं असतं तिथे हिरवा डाग उठतो. कोरडी पट्टी थेट बुबुळाला लागली तर खोटा डाग दिसतो. नुसती हिरवी कड आणि मधोमध काळपट, रंग न धरणारा खळगा दिसला तर जखम शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पोचली आहे. असा डोळा कधीही फुटू शकतो. त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं लागतं. तुमच्या भागातून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना गाठता येईल. तालुक्याला ही पट्टी नसली तरी माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हमखास असते. ती स्वस्त आहे, डॉक्टरांशी बोलून मागवून घ्या.

जखम वरवरची असेल तर टोब्रामायसिनसारखा साधा, स्टेरॉइड नसलेला ड्रॉप दिवसातून चार ते सहा वेळा टाकतात. वेदनेसाठी ॲट्रोपिन १ टक्का, बाहुली मोठी होईपर्यंतच, दिवसातून एक-दोनदा. ॲट्रोपिन कडू असतं आणि अश्रूंच्या नळीतून घशात उतरतं, त्यामुळे तोंडाला फेस येतो. घाबरू नका. माणसाची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्याला ती घातक ठरतात. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालाच, नाहीतर पंजाने चोळून एका रात्रीत सगळं वाया जातं. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा रंग घालून बघायचं. साधी जखम पाच-सात दिवसांत भरते. भरली नाही, तर काहीतरी राहून गेलं आहे: कुसळाचा तुकडा, आत वळलेली पापणी किंवा कोरडा डोळा. जखम खोल असेल तर काही दिवसांनी कडेकडून लाल रक्तवाहिन्या आत येताना दिसतील. दिसायला वाईट असलं तरी ते भरून येण्याचं लक्षण आहे. पांढरा चट्टा मात्र कायम राहू शकतो.

बुबुळ जेलीसारखं मऊ, पिवळसर दिसायला लागलं तर तासा-दोन तासाला औषध लागतं. त्यात कुत्र्याच्याच रक्तातून काढलेलं सीरमही डोळ्यात टाकतात, कारण ते त्या विरघळवणाऱ्या विकरांना अडवतं. हे सीरम फ्रिजमध्ये ठेवायचं आणि थोडंही दूषित झाल्याची शंका आली की टाकून द्यायचं.

प्रश्न (परभणी) : लॅब्रॅडॉर मादी, पाच वर्षं. चार दिवस ताप होता, जेवण सोडलं. आज सकाळी दोन्ही डोळे निळसर-लाल दिसले आणि ती दाराच्या चौकटीला धडकली. अंगावर गोचीड नेहमीच असतात.

उत्तर : दोन्ही डोळे एकाच वेळी आणि सोबत ताप असेल, तर दुखणं फक्त डोळ्याचं नसतं, अंगातलं असतं. आपल्याकडे अशा वेळी पहिला विचार एर्लिकियाचा करावा लागतो. तपकिरी गोचिडातून हा जंतू रक्तात जातो, रक्तातल्या प्लेटलेट कमी करतो आणि डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो. त्यामुळे डोळ्याच्या आतलं पाणी गढूळ होतं, कधी आत रक्त साचतं, कधी मागचा पडदा सुटतो. हिरड्या किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके आहेत का, नाकातून रक्त येतं का, हे आत्ताच बघा.

आधी रक्त तपासा. प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असाव्यात. रक्ताच्या काचपट्टीवर जंतू दिसला तर उत्तमच, पण बरेचदा तो दिसत नाही. म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं समजू नये; रॅपिड किट किंवा पीसीआर करावं. त्याच रक्तात सर्ऱ्याचा परजीवी आहे का, हेही बघायला सांगा. जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांतून तो येतो. गोठ्याजवळच्या कुत्र्यांत ताप, चेहऱ्यावर सूज आणि बुबुळ पांढरं, असं त्याचं रूप असतं. त्याचं औषध वेगळं आहे, डॉक्सिसायक्लिनने तो जात नाही.

एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम रोज, सलग २८ दिवस. म्हणजे तुमची मादी २५ किलोची असेल तर दिवसाला २५० मिलिग्रॅम. गोळी खाण्यासोबत द्या आणि वरून पाणी पाजा, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. थांबवू नका, दुखणं लपून बसतं आणि काही महिन्यांनी पुन्हा उसळतं.

आता डोळा. वरच्या उत्तरात ज्या स्टेरॉइडला आम्ही मनाई केली, तेच इथे लागतं. आतली सूज लवकर उतरली नाही तर बाहुली भिंगाला चिकटते, पाणी तुंबतं आणि काचबिंदू होतो. म्हणून प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनचा ड्रॉप देतात, पण आधी हिरव्या रंगाची तपासणी करून जखम नाही याची खात्री केल्यावरच. डोळ्याचा दाबही मोजून घ्या. निरोगी कुत्र्यात तो साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो. आतून सुजलेल्या डोळ्यात तो उतरतो, काचबिंदूत चढतो. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच लाल दिसतात आणि औषधं मात्र उलटी. ॲट्रोपिन सुजेच्या डोळ्याला आराम देतं, काचबिंदूच्या डोळ्याचं नुकसान करतं.

गोचिडांचं काम अर्ध्यावर सोडू नका. ही जात भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात अंडी घालते आणि एकेक मादी हजारोंनी घालते. फ्लुरालेनरची गोळी सुमारे १२ आठवडे चालते, अफॉक्सोलेनरची महिनाभर. कुत्र्याला फिट येत असेल तर गोळीआधी डॉक्टरांना तसं सांगा. फटींवर फवारणी करून जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं-मांजर तिथे जाऊ देऊ नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : शिह त्झू, सहा वर्षं. डोळ्यांत रोज चिकट, हिरवट चिपडं. वर्षभरात पाच-सहा वेळा अँटिबायोटिक ड्रॉप झाले. थांबवले की आठवड्यात पुन्हा तेच. आता बुबुळावर तपकिरी थर चढतोय.

उत्तर : चिपडं येतात म्हणून डोळा ओला आहे असं समजू नका. ही लक्षणं कोरड्या डोळ्याची आहेत. अश्रूंमधलं पाणी कमी पडलं की उरतो तो चिकट भाग. त्यात जंतू वाढतात, ड्रॉपने ते तात्पुरते हटतात, मूळ कारण तसंच राहतं. कोरड्या घर्षणाने बुबुळावर काळपट रंग चढत जातो आणि एक दिवस दिसेनासं होतं.

तपासणी एक मिनिटाची आहे. शिर्मरच्या कागदी पट्टीचं टोक खालच्या पापणीत, बाहेरच्या बाजूला अडकवायचं आणि ६० सेकंदांनी ओल किती चढली ते वाचायचं. १५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक, १० ते १५ शंकास्पद, १० च्या खाली कोरडा डोळा, ५ च्या खाली तर फारच. ही पट्टी कुठलाही थेंब टाकण्याच्या आधी लावायची असते, बधिर करण्याच्या औषधाच्याही आधी. तसं झालं नसेल तर आकडा धरू नका.

बहुतेक कुत्र्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूग्रंथीवर उलटलेली असते. त्यावर सायक्लोस्पोरिन ०.२ टक्के मलम दिवसातून दोनदा, किंवा टॅक्रोलिमस. माणसांसाठी मिळणारं टॅक्रोलिमस ०.०३ टक्क्याचं डोळ्याचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतं; कातडीचं मलम त्याच नावाने मिळतं, ते डोळ्यात जाता कामा नये. गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून लोक सोडून देतात, तिथेच सगळं फसतं. हे औषध बहुधा जन्मभराचं आहे.

रोजची पद्धत अशी ठेवा: कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं मऊ करून पुसायची, मग कृत्रिम अश्रूंचा ड्रॉप, दहा मिनिटं थांबून शेवटी मलम, तांदळाच्या दाण्याएवढं. चिपडांवरच मलम फासलं तर ते आत पोचत नाही. आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना सांगा. आधी कधी सल्फाची गोळी बराच काळ दिली होती का, कारण त्याने अश्रू आटतात. आणि त्याच बाजूची नाकपुडी कोरडी, पापुद्रे धरलेली आहे का. तसं असेल तर दोष नसेचा असतो आणि औषध बदलतं.

प्रश्न (गेवराई, जि. बीड) : बीगलचं पाच महिन्यांचं पिल्लू. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळी बाहेर आली आहे. एकाने सांगितलं, पाच मिनिटांत कापून देतो.

उत्तर : कापू देऊ नका. ती गाठ नाही, तिसऱ्या पापणीची अश्रूग्रंथी जागेवरून सरकली आहे. डोळ्याचं साधारण तिसरा हिस्सा पाणी, कधी त्याहून जास्त, तीच पुरवते. कापली की डोळा लगेच छान दिसतो आणि पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी वरच्या प्रश्नातला कोरडा डोळा होतो. भूल देऊन तिसऱ्या पापणीच्या आतल्या बाजूला खिसा करून ग्रंथी त्यात बसवतात आणि विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवतात. टाक्याची गाठ बुबुळाकडे आली तर ओरखडा पडतो, म्हणून ती बाहेरच्या बाजूला हवी. काही कुत्र्यांत ग्रंथी पुन्हा बाहेर येते, मग पुन्हा बसवावी लागते. दुसऱ्या डोळ्यातही होऊ शकतं. शस्त्रक्रियेपर्यंत कृत्रिम अश्रूंनी ग्रंथी ओली ठेवा.

प्रश्न (अहमदपूर, जि. लातूर) : आमच्या दहा वर्षांच्या कुत्र्याचे दोन्ही डोळे निळसर-करडे दिसतात. मोतीबिंदू विरघळवणारा ड्रॉप सुरू करावा का?

उत्तर : मोतीबिंदू विरघळवणारा ड्रॉप अजून तरी नाही. पैसे वाचवा. सात-आठ वर्षांनंतर भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि डोळा निळसर दिसतो, पण नजर फारशी जात नाही. त्याला उपचार लागत नाही. फरक ओळखायला अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून, टॉर्च स्वतःच्या डोळ्यालगत धरून त्याच्या डोळ्यात बघा. आतून हिरवी-पिवळी चमक सगळीकडून परत आली तर वयाचा बदल. चमकेत काळा डाग अडवा आला किंवा चमकच आली नाही तर मोतीबिंदूची शंका घ्या. कापसाचा बोळा त्याच्यासमोरून खाली सोडा. आवाज न होता पडणाऱ्या बोळ्यामागे नजर गेली तर त्याला दिसतंय.

मोतीबिंदू निघाला तर आधी लघवी आणि रक्तातली साखर तपासा. मधुमेह झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांत वर्षभरातच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होतो. जास्त पाणी पिणं, जास्त लघवी, खाऊनही वाळणं ही खूण आहे. शस्त्रक्रिया माणसासारखीच होते, पण पूर्ण भूल, नंतर महिनोन् महिने ड्रॉप आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणच्या फेऱ्या हे सगळं जमणार असेल तरच. त्याआधी ईआरजी, म्हणजे मागच्या पडद्याची विद्युत तपासणी, करून तो पडदा जिवंत आहे का ते बघतात. आधी रात्री दिसेनासं झालं असेल तर पडदाच आनुवंशिक आजाराने वाळलेला असू शकतो. पिकलेला मोतीबिंदू नुसता ठेवला तरी आत सूज आणतो, म्हणून ऑपरेशन करणार नसाल तरी तपासणी सोडू नका. आणि निळसर डोळा अचानक लाल, टणक, मोठ्या बाहुलीचा झाला तर तो काचबिंदू. एक-दोन दिवसांत नजर कायमची जाते, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न (सेनगाव, जि. हिंगोली) : सहा किलोच्या पिलाला गोचिडांसाठी ढोरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन २ मिली दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते झोकांड्या खातंय आणि आंधळं झाल्यासारखं वागतंय.

उत्तर : ते इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. सहा किलोच्या पिलाला २० मिलिग्रॅम, किलोमागे तीन मिलिग्रॅमहून जास्त गेलं. गाई-म्हशींचं माप किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, त्याच्या पंधरापटीहून जास्त. उतारा नाही, पण लगेच दवाखान्यात न्या. सलाईन, अंग गार पडू न देणं, झटके आले तर त्यांचं औषध, आणि सोय असेल तिथे शिरेतून चरबीयुक्त द्रावण देतात. गिळता येत नसेल तर तोंडाने पाणी किंवा दूध ओतू नका, फुप्फुसात जातं. डोळे मिटत नसतील तर दर दोन-तीन तासांनी वंगणाचं जेल लावा. बाहुल्या मोठ्या राहतात, दिसत नाही. पण जीव वाचला तर नजर बहुधा काही दिवसांत परतते.

प्रश्न (नांदेड) : घराला चुना देताना पिलाच्या डोळ्यात चुना गेला. लिंबाचं पाणी टाकलं तर चालेल का?

उत्तर : नाही. ओल्या कापसाने पापणीतले कण उचला आणि नळाच्या पाण्याने किंवा सलाईनने सलग अर्धा तास धुवा. तिसऱ्या पापणीखालीही धार जाऊ द्या. चुना आम्लापेक्षा खोल शिरतो आणि कण आत राहिले तर भाजतच राहतो. धुणं आधी, दवाखाना नंतर. डोळा ठीक वाटला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगाची तपासणी करा, खरी हानी उशिरा दिसते. कपाशीवरच्या फवाऱ्याचं औषध गेलं तरी असंच धुवा, अंगही धुवा. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि लाळ गळत असेल तर विषबाधा आहे. औषधाची बाटली सोबत घेऊन जा.

प्रश्न (धाराशिव) : भांडणात पगचा डोळा खोबणीतून बाहेर आला, तर घरी काय करायचं?

उत्तर : आत ढकलायचा नाही. सलाईनने भिजवलेला स्वच्छ कापूस किंवा वंगणाचं डोळ्याचं जेल वर ठेवून तो ओला ठेवा, कुत्र्याला पंजा लावू देऊ नका, मानेला न धरता उचला आणि तासाभरात निघा. बाहुलीला उजेडाची जाणीव असेल आणि स्नायू फारसे तुटले नसतील तर डोळा बसवून पापण्या दोन-तीन आठवड्यांसाठी शिवतात. सगळ्यांची नजर परत येत नाही, पण बऱ्याचदा डोळा वाचतो. पग, पेकिनीज, शिह त्झू यांच्या खोबण्या उथळ असतात. मानेला जोराचा हिसका बसला तरी डोळा निसटू शकतो, म्हणून यांना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधा.